काळा म्हणजे फक्त काळा!

"प्रेसवाला बघून घेईल." आपल्याकडच्या छपाईतलं सर्वात महागडं वाक्य कुठलं असेल, तर हे. मी पुस्तकांची मांडणी करतो, त्यामुळे हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी कानावर पडतंच.

मंडळी, प्रेसवाला काय बघणार? पडद्यावर अक्षर काळं दिसतं, पण बऱ्याच फाइलींमध्ये ते आरजीबी काळं असतं. छपाईसाठी त्याचं रूपांतर झालं की सेटिंगप्रमाणे त्यात निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चारही शाया घुसतात. फोटोशॉपच्या अमेरिकन सेटिंगमध्ये हा काळा साधारण ७५, ६८, ६७ आणि ९० टक्के असा निघतो. म्हणजे एका अनुस्वारावर ३०० टक्के शाई! चार प्लेटा केसभर जरी सरकल्या तरी रोमन अक्षर एक वेळ तग धरतं. आपली शिरोरेखा, रफार, बारीक जोडाक्षरं मात्र रंगीत सावल्या घेऊन बसतात. मग वाचक म्हणतो, छपाई गचाळ आहे. शिव्या खातो तो मशीनमन.

ग्रेस्केलचंही तेच. फोटो 'ब्लॅक अँड व्हाइट दिसतोय' म्हणजे तो ग्रेस्केल असतोच असं नाही. डिजिटल मशीनला मीटर असतो, रंगीत पानाचा दर वेगळा. करडा दिसणारा पण आरजीबीत ठेवलेला फोटो रंगीत पान म्हणून मोजला जाऊ शकतो. पदरमोड करून २०० प्रती काढणाऱ्या कवीला हा फरक चांगलाच जाणवतो. (कवींना व्याकरणाइतकंच हेही शिकवायला हवं. असो.)

"मग प्रेसमध्ये सगळं ग्रे करून टाकू दे ना!" हा पुढचा युक्तिवाद. करता येतं, एका बटणात. पण तुमच्या आलेखातला लाल खांब आणि हिरवा खांब जवळपास एकाच करड्या रंगाचे झाले, तर आलेख काय कपाळ वाचणार? कुठला फरक महत्त्वाचा आहे हे लेखकाला आणि मांडणी करणाऱ्याला ठाऊक असतं, मशीनला नाही.

सगळ्यात गंमत स्पॉट कलरची. गेल्या वर्षी एका संस्थेची दुरंगी स्मरणिका माझ्याकडे तपासायला आली. काळा आणि लाल, बस्स. अ‍ॅक्रोबॅट प्रोमध्ये आउटपुट प्रीव्ह्यू उघडला तर सहा प्लेटा! बोधचिन्हात 'पँटोन ४८५ सी', मथळ्यांत 'पँटोन ४८५ यू' आणि चौकटींत किरमिजी-पिवळ्याचा लाल. डोळ्यांना तिन्ही लालच. पण फाइलीला नावं कळतात, एका अक्षराने नाव बदललं की प्लेट वेगळी. डिझायनरचं उत्तर? वरचंच वाक्य.

आणि दुरंगी कामाला पँटोनच हवा असा तरी कुठे नियम आहे? २०२२ च्या नोव्हेंबरपासून अडोबीच्या प्रोग्रामांतून पँटोनची बहुतेक पुस्तकं गेली, ती हवी असतील तर वेगळे पैसे मोजा म्हणाले. तेव्हा केवढा आरडाओरडा झाला! अहो, अख्खी फाइल काळा आणि किरमिजी या दोनच रंगांत करा, आणि प्रेसला लिहून द्या की किरमिजीच्या प्लेटला लाल शाई लावा. प्लेटला रंग नसतो, रंग शाईला असतो. जुने छपाईवाले हेच करत आलेत.

सॉफ्टवेअर महाग आहे ही सबबही चालणार नाही. स्क्रायबस फुकट आहे, त्यात प्रत्येक प्लेट वेगळी बघता येते. घोस्टस्क्रिप्टही फुकट आहे. त्यातलं 'इंककव्ह' प्रत्येक पानासाठी चार आकडे देतं, कुठली शाई किती. एकरंगी पुस्तकात पहिले तीन आकडे शून्य यायला हवेत. ३०० पानांचं पुस्तक असलं तरी ही यादी वाचायला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागत नाही.