निरुपद्रवी सूत्रकृमींची नोंद कां व्हावी?

मागील सभेनंतर चहापाणी चाललें असतां आमच्या एका वडील सभासदांनीं वर्तमानपत्रांतील एक बातमी मोठ्यानें वाचून दाखविली. कोठें तरी मातींत सूत्रकृमींची एक नवी जात सांपडली. ती पिकास खात नाहीं, जनावरांस होत नाहीं, तरी विद्वानांनीं तिचें मोजमाप घेऊन तिला लॅटिन नांव दिलें, असा मजकूर होता. "रिकामटेकड्यांचा उद्योग," असें म्हणून सारे हंसले, आम्हीही हंसलों. घरीं आल्यावर मात्र तें हंसणें आम्हांस बरें वाटेना. तीस वर्षें महसूल खात्यांत आम्ही नोंदीच करीत होतों, आणि ज्याची नोंद नाहीं त्याचे हाल काय होतात हें आम्ही पाहिलें आहे.

सूत्रकृमि म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें डाळिंबाच्या किंवा टोमॅटोच्या मुळांवरील गाठी येतात. त्या गाठी करणारा कृमि वैरी आहे, यांत शंका नाहीं. परंतु त्याच मातींत त्याचे पुष्कळ भाऊबंद असे आहेत कीं जे मुळांस तोंड लावीत नाहींत. ते स्वतंत्र राहतात आणि जिवाणू व बुरशी खाऊन जगतात. जिवाणूंच्या शरीरांत नत्राचें प्रमाण मोठें असतें. तेवढें नत्र या कृमींस लागत नाहीं. उरलेलें ते अमोनियाच्या रूपानें बाहेर टाकतात आणि तें पिकाच्या मुळांस मिळतें. शेणखत आपण टाकतों, पण तें पिकाच्या तोंडीं जाईपर्यंत मध्यें किती हातांतून जातें, याचा विचार आपण क्वचितच करितों. जगाच्या वरच्या थरांतील मातींत असलेल्या सर्व सूत्रकृमींचें वजन सुमारें ३० कोटी टन भरतें, असा हिशेब २०१९ सालीं प्रसिद्ध झाला.

दोन वर्षांपूर्वीं आमच्या शेजारच्या एका बागाइतदारांनीं माती तपासून आणिली. अहवालांत एवढेंच होतें कीं सूत्रकृमि आढळले, आणि पुढें एक आंकडा. कोणत्या जातीचे, याचा रकानाच नव्हता. दुकानदारानें आंकडा पाहिला आणि औषध दिलें. एक झाड उपटून मुळांवर गाठी आहेत कीं नाहींत हें कोणीं पाहिलें नाहीं. त्या आंकड्यांत वैरी किती आणि घरचे गडी किती, हें ना देणारास ठाऊक, ना घेणारास. आणि औषध कांहीं विचारपूस करून मारीत नाहीं.

जात वर्णन करणें म्हणजे नुसतें नांव ठेवणें नव्हे. नरसाळ्यांत पाणी भरून त्यावर कापडांत माती ठेवितात. रात्रभरांत कृमि खालीं उतरतात. त्यांस उष्णतेनें मारून, ग्लिसरिनमध्यें मुरवून, कांचेच्या पट्टीवर बसवितात. मग लांबीस रुंदीनें भागावयाचें, लांबीस शेपटीनें भागावयाचें. हीं गुणोत्तरें डी मान नांवाच्या डच पंडितानें एकोणिसाव्या शतकांत घालून दिलीं, तीं अद्याप चालतात. तोंडाची पोकळी, शेपटी, नराचे अवयव यांचीं चित्रें काढितात. हल्लीं डीएनएही वाचितात. शेवटीं एक नमुना संग्रहालयांत कायमचा ठेवितात. आमच्या भाषेंत तो हद्दीचा दगड. पुढें तंटा झाला तर तेथें जाऊन मोजावयाचें. एकाच जातीस दोघांनीं दोन नांवें दिलीं तर आधींचें टिकतें, असा सामान्य नियम आहे. आमच्या दप्तरांत असा नियम असता तर कित्येकांचे वकिलांस दिलेले पैसे वांचले असते.

एमिल मोपा नांवाचे फ्रेंच गृहस्थ अल्जीरियांत अल्जियर्स येथें ग्रंथालयाचे अधिकारी होते. शिक्षण जुन्या कागदपत्रांचें. म्हणजे आमच्याच जातकुळीचे. १९०० सालीं त्यांनीं अल्जियर्सजवळील सुपीक मातींतला एक मिलिमीटर लांबीचा निरुपद्रवी कृमि वर्णिला आणि त्यास 'एलेगन्स' म्हटलें. उपयोग काय असें त्यांस कोणीं विचारलें असतें तर त्यांना उत्तर देतां आलें नसतें. पुढें १९६३ सालीं केंब्रिज येथें सिडनी ब्रेनर यांनीं हाच कृमि अभ्यासास निवडला. तीन-चार दिवसांत त्याची एक पिढी होते. त्याच्या प्रौढ द्विलिंगी शरीरांत जननपेशी वगळून ९५९ पेशी, पैकीं ३०२ मज्जापेशी, असा चोख हिशेब लागला. प्राण्यांपैकीं ज्याचा सबंध आनुवंशिक मजकूर प्रथम वाचिला गेला तो हाच, १९९८ सालीं. २००२, २००६ आणि २०२४ सालचीं वैद्यकाचीं नोबेल पारितोषिकें याच्यावरील कामास मिळालीं.

शेतकऱ्यास नोबेलाचें काय, असें कोणी म्हणेल. तर हुमणीचें घ्या. १९९२ सालीं कोइमतूर येथील एक सूत्रकृमि 'हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका' या नांवानें वर्णिला गेला. हा स्वतंत्र राहणारा नव्हे. हा किडीच्या शरीरांत शिरतो, आपल्या पोटांतील जिवाणू तेथें सोडतो, आणि कीड एक-दोन दिवसांत मरते. आज उसांतील हुमणीवर आपण तो विकत आणतों. त्याची ओळख पटली नसती तर पाकिटावर काय लिहिलें असतें, आणि आंत काय आहे हें आपण कशावरून ताडलें असतें?

नांव दिल्यानें उत्पन्न वाढतें, असें आम्ही म्हणत नाहीं. पुष्कळ जाती नांव मिळूनही कपाटांत पडून राहतील. तरीही आमचें मत असें कीं संघानें निदान दहा शेतांतील माती सूत्रकृमींच्या जाणकारांकडे पाठवावी, आणि अहवालांत पीक खाणारे व न खाणारे यांचे निराळे रकाने मागावेत. राहुरीस कृषी विद्यापीठ आहे. अलीगढच्या विद्यापीठांत तर स्वतंत्र राहणाऱ्या जातींचें वर्णन करण्याचें काम कित्येक वर्षें चाललें आहे. नवी जात निघाली तर तिचें वर्णन व्हावें म्हणून लागणारा किरकोळ खर्च संघाच्या निधींतून द्यावा. पुढील सभेंत आम्ही हा ठराव मांडणार आहों, अनुमोदक पाहिजे.

ज्यांस माती द्यावयाची असेल त्यांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. खतांच्या तपासणीसाठीं आपण माती वाळवून देतों, तशी ही देऊं नये. पांच-सहा ठिकाणची, मुळांजवळची, वीतभर खोलीवरची ओलसर माती पिशवींत बांधून सावलींत ठेवावी आणि लगोलग आणून द्यावी. मोटारींत उन्हांत राहिली तर नमुना फुकट जातो.