अनाहूत संदेश आणि आपण

गेल्या महिन्यात महाल भागातील एक वृद्ध मधुमेही रुग्ण आमच्या चिकित्सालयात आले. भ्रमणध्वनीवर आलेला संदेश त्यांनी आमच्यापुढे धरला : 'एकवीस दिवसांत मधुमेह मुळापासून नाहीसा, पथ्य नको.' त्या चूर्णाच्या भरवशावर त्यांनी चालू औषधे सोडली होती. पायाची जखम चिघळली होती. संदेश कोणाचा, हे त्यांना ठाऊक नव्हते. 'आयुर्वेदिक' हा शब्द मात्र पक्का लक्षात होता.

चरकाचार्यांना यात नवल वाटले नसते. सूत्रस्थानाच्या एकोणतिसाव्या अध्यायात वैद्याचे सोंग घेऊन हिंडणाऱ्यांचे वर्णन आहे. कोणी आजारी असल्याचे कानी पडताच ते त्याच्याभोवती जमतात, त्याला ऐकू जाईल अशा बेताने स्वतःचे गुण मोठ्याने सांगतात आणि उपचार करणाऱ्या वैद्याचे दोष पुनःपुन्हा उगाळतात. आज त्यांचे हिंडण्याचे श्रम तेवढे वाचले आहेत.

औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ अन्वये मधुमेह, कर्करोग, स्थूलता आदी विकार बरे करण्याच्या जाहिरातींस मनाई आहे. त्यातील जाहिरातीच्या व्याख्येत प्रकाश, ध्वनी, इतकेच नव्हे तर धुराद्वारे केलेली घोषणाही येते. धुराचाही विचार करणाऱ्या कायद्याच्या हातून लघुसंदेश सुटावा, असे आम्हांस वाटत नाही. नको असलेल्या व्यापारी दूरध्वनी व लघुसंदेशांची तक्रार १९०९ या क्रमांकावर करता येते. व्हॉट्सअॅपवरील संदेश मात्र त्या व्यवस्थेबाहेर राहतात.

तथापि, परक्यांना बोल लावण्यापूर्वी आपली नोंदवही उघडून पाहावी. रुग्ण क्रमांक देतो तो उपचारासाठी. औषधालयात तो देयकासाठी लिहून घेतला जातो. हिवाळा लागताच त्याच क्रमांकांवर च्यवनप्राशावरील सवलत जाते. कोणी विचारले होते त्यांना?

आम्हीही विचारले नव्हते. दोन वर्षांपूर्वी वर्षा ऋतूतील बस्तीविषयी आमच्याकडून सर्व रुग्णांना सरसकट संदेश गेला. वंध्यत्वाच्या उपचारासाठी येणाऱ्या एका भगिनीच्या सासरी तो वाचला गेला. त्या आमच्याकडे येतात हे घरी कोणालाच माहीत नव्हते. त्या पुन्हा आल्या नाहीत, आणि आम्हांसही त्यांना दूरध्वनी करण्याचे धैर्य झाले नाही.

तेव्हापासून आमच्या केसपेपरवर 'संदेश पाठवावा काय?' असा एक रकाना छापलेला आहे. निम्म्याहून अधिक रुग्ण तेथे 'नको' असे लिहितात.