गिटारची टाच आणि आपली बेफिकिरी

धर्मग्रामाच्या गायनवृंदासाठी गिटार घ्यायची ठरली की आपल्या मंडळींच्या तोंडी एक वाक्य हमखास येते : "गिटार ती गिटार! मुलांना तीन-चार कॉर्ड तर वाजवायचे; त्यासाठी एवढा खल कशाला?" असे बोलणारे लोक सज्जन असतात, देवळाच्या पैशाची त्यांना काळजी असते, याविषयी मला शंका नाही. परंतु हे वाक्य चुकीचे आहे. त्याची किंमत बोलणाऱ्याला द्यावी लागत नाही. ती चुकते होते वादक मुलांच्या दुखऱ्या मनगटांतून, आणि 'तुझा हात लहान आहे' असे ऐकून रियाज सोडून देणाऱ्या मुलींच्या मौनातून. म्हणून या विषयावर थोडे स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते.

प्रथम वस्तू नीट पाहू. गिटारची लांब मान जिथे धडाला जोडलेली असते, तिथे मागच्या अंगाला लाकडाचा एक उंचवटा असतो. वादक त्याला 'हील' म्हणतात. आपण टाच म्हणू. मानेवर पडदे असतात. मानेच्या टोकापासून पहिल्या पडद्यापर्यंतचे अंतर, नेहमीच्या 648 मिलिमीटर तारेच्या गिटारीवर, सुमारे 36 मिलिमीटर असते. हे अंतर पडद्यागणिक कमी होत जाते आणि एकविसाव्या व बाविसाव्या पडद्यांमध्ये ते जेमतेम 11 मिलिमीटर उरते. म्हणजे जिथे बोट सर्वांत नेमके पडायला हवे, नेमकी तिथेच ही टाच तळहाताच्या आड येते. मानेची जाडी तोवर दोन-सव्वादोन सेंटिमीटर असते. टाचेशी ती एकाएकी पाच सेंटिमीटरांच्या वर जाते. मानेमागे टेकलेला अंगठा तिथे अडतो, मनगट वाकडे होते, खांदा उचलला जातो आणि बोटे पडद्यापर्यंत पोचण्याऐवजी तिथवर ओढली जातात.

ही अडचण वाद्याच्या जन्मापासूनची नव्हे. आपल्याकडे जुन्या पिढीने विजेची गिटार प्रथम ऐकली ती बहुतेक हवाइयन पद्धतीची. व्हॅन शिप्ले यांनी हिंदी चित्रपटगीतांच्या सुरावटी त्या पद्धतीने घरोघर पोचवल्या. ती गिटार आडवी ठेवून वाजवतात. डावा हात वरून पोलादी कांडी तारांवर फिरवतो. मान खालून धरण्याचा प्रश्नच येत नाही, म्हणून टाच कशीही असली तरी काही बिघडत नाही. गिटार उभी धरून बोटांनी पडदे दाबू लागलो, तेव्हापासून टाच आडवी आली. 'आमच्या काळी कोणी असली तक्रार केली नाही' असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनी एवढा फरक ध्यानात घ्यावा.

आता टाचेचा इतिहास पाहू, कारण तिचा आकार काही आकाशातून उतरलेला नाही. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी 1950 च्या सुमारास भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली. धडात खाच पाडायची, तीत मान बसवायची आणि मागून पोलादी पट्टी लावून चार स्क्रूंनी आवळायची, अशी ही रचना होती. मान खराब झाली तर ती काढून दुसरी बसवता यावी, हा तिचा मोठा गुण. फेंडर हे स्वतः गिटारवादक नव्हते. कारागिराच्या दृष्टीने त्यांनी उत्तम वस्तू घडवली, पण त्या चौकोनी पट्टीचा कोपरा वरच्या पडद्यांवर जाणाऱ्या तळहाताला टोचतो. गिब्सन कंपनीने 1952 साली लेस पॉल ही गिटार काढली. तीत मान सरसाने चिकटवलेली. ती सोळाव्या पडद्यापाशी धडाला मिळते आणि धडाला खाच एकाच बाजूने असते. पडदे मात्र बावीस! शेवटचे सहा पडदे धडाच्या अंगावर. पुढे 1961 साली याच कंपनीने आराखडा बदलून दोन्ही बाजूंना खोल खाचा दिल्या; मान जवळजवळ शेवटच्या पडद्यापर्यंत मोकळी झाली. हात सुटला, पण सांधा नाजूक झाला. जपानच्या आयबानेझ कंपनीने स्क्रूंची रचना ठेवूनच चौकोनी पट्टी काढून टाकली, स्क्रू स्वतंत्रपणे लाकडात खोल बसवले आणि टाच गोलाईने उतरती केली. फेंडर कंपनीनेही पुढे आपल्या महागड्या गिटारींत टाचेचा कोपरा उतरता केला. ज्यांनी चौकोनी टाच जगाला दिली त्यांनीच ती तासली. आणि आपण मात्र ती तशीच असायला हवी म्हणून वाद घालतो!

यावर तीन आक्षेप घेतले जातात. त्यांचा एकेक करून समाचार घेऊ.

पहिला आक्षेप असा की, वरचे पडदे दिखाऊपणासाठी असतात; भक्तिगीताला त्यांची गरज नाही. हे म्हणणे सुरांचे गणित न मांडता केलेले आहे. गिटारची पहिली तार मोकळी छेडली की जो स्वर निघतो, तो आपल्या भगिनी सहज गातात त्या स्वरक्षेत्राच्या खालच्या भागातला आहे. सामुदायिक गायनात स्त्रियांचा आवाज जिथवर आरामात चढतो, तो स्वर त्याच तारेवर दहाव्या पडद्याच्या आसपास येतो. म्हणजे भाविकांच्या गायनावर एखादी सुरावट तरंगत ठेवायची असेल, तर ती बाराव्या पडद्यापासून पुढेच वाजवावी लागते. ज्या देवळात ऑर्गन नाही, तिथे हे काम दुसरे कोण करणार? पेटी मुख्य चाल धरून असते, ढोलकी ताल धरते. स्तोत्राच्या दोन कडव्यांमधली जागा भरायला आणि धृपदावर सुरांचे छत्र धरायला गिटारच पुढे येते. म्हणून वरचे पडदे हा वादकाचा मिजास नसून गायनवृंदाची गरज आहे.

दुसरा आक्षेप अधिक तांत्रिक आहे. टाच जाड असेल तर स्वर लांबतो आणि सांधा मजबूत राहतो, असे सांगितले जाते. यात अर्धे सत्य आहे. सहा तारांचा मिळून सुमारे चाळीस किलोंचा ताण मान सतत सोसत असते. सांधा कच्चा ठेवून चालणार नाही. पण सांध्याचे बळ कशात आहे? खाचेत मान किती घट्ट बसली आहे आणि स्क्रू किती चांगले आवळले आहेत, यात. हाताला टोचणारा बाहेरचा कोपरा त्या बळात फारशी भर घालत नाही. आतली खाच न दुखावता तो कोपरा गोल करता येतो, आणि कारखान्यांनी तो करून दाखवला आहे. मजबुती आणि मोकळीक यांत वैर आहे, हा समजच खोटा आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत लोकप्रिय. "जिमी हेंड्रिक्स त्याच चौकोनी टाचेच्या गिटारीवर वाजवत होता ना?" होय, वाजवत होता. इतकेच नव्हे, तो डावखुरा असल्याने उजव्या हाताची गिटार उलटी धरत असे, त्यामुळे खोल खाच वरच्या बाजूला जाई आणि उंच स्वरांकडे त्याला अधिकच अडचणीची वाट उरे. पण यावरून काय सिद्ध होते? त्याचे हात मोठे होते आणि प्रतिभा असामान्य होती, एवढेच. असामान्य माणूस काट्यांतून धावला म्हणून आपण मुलांच्या वाटेवर काटे पसरावेत काय? धर्मग्रामाचे वाद्य प्रतिभावंतासाठी नसते. ते आठवीतल्या मुलीसाठी असते, दिवसभर कारखान्यात काम करून संध्याकाळी सरावाला येणाऱ्या तरुणासाठी असते.

वाद्याने माणसाच्या हाताशी जुळवून घ्यावे, हा विचार पाश्चात्त्य चोचला आहे असे कुणाला वाटत असेल, तर त्याने मिरजेकडे पाहावे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात तिथे तंतुवाद्ये घडवायला आरंभ केला. फरीदसाहेब सतारमेकर हे नाव त्या परंपरेच्या मुळाशी आहे. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिथला कारागीर गायकाच्या आवाजाप्रमाणे तंबोऱ्याची जवारी लावून देतो. गायकाने आपला गळा घोडीप्रमाणे बदलावा, असे तो म्हणत नाही. आणि सतारीची रचना पाहा : तिचे पडदे दोऱ्याने दांडीभोवती बांधलेले असतात. जिथे दोरा दांडीला वेढा घालू शकत नाही, तिथे पडदाच बसत नाही. म्हणजे भोपळ्याच्या अंगावर, हात पोचणार नाही अशा जागी, पडदा असणे तिथे संभवतच नाही. ज्या पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवाचे श्रोते तंबोरे जुळेपर्यंत निमूटपणे थांबतात, त्या पुण्यातल्या आपण ख्रिस्ती मंडळींनी वाद्याच्या बाबतीत 'चालतंय की' म्हणावे, हे शोभत नाही.

पाश्चात्त्य परंपराही हेच सांगते. स्ट्रॅडिव्हारीच्या व्हायोलिनांना लोक पूज्य मानतात. तरीही उंच स्वरांची रचना वाढू लागली, तेव्हा त्यांच्या मूळ माना काढून लांब आणि मागे कललेल्या नव्या माना बसवण्यात आल्या. आज वाजणाऱ्या त्याच्या जवळजवळ सर्व व्हायोलिनांची मान मूळची नाही. स्ट्रॅडिव्हारीच्या मानेला हात लावण्यास जग कचरले नाही, आणि आपण कारखान्यातून निघालेल्या गिटारच्या टाचेला सोवळ्यात ठेवतो!

आता ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीकडे वळू. दहावे पायस यांनी 1903 साली देवळात पियानो आणि गोंगाट करणारी वाद्ये वापरण्यास मनाई केली होती. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली उपासनेविषयीच्या संविधानात ऑर्गनचा मान कायम ठेवून इतर वाद्यांना दार उघडले. अट अशी, की ती उपासनेला योग्य असावीत किंवा तशी करून घेता यावीत. या 'करून घेता यावीत' मध्ये आपल्यावरची जबाबदारी आहे. विजेची गिटार वेदीजवळ यावी की नाही, याचा वाद आपण हिरिरीने घालतो. ती आत आल्यावर उपासनेच्या कामाला योग्य करून घेण्याचे कष्ट मात्र कोणी घेत नाही. ज्याचे मनगट दुखते आहे, ज्याचे डोळे अवघड पडद्यावर खिळले आहेत, तो वादक प्रार्थना करू शकत नाही. शब्बाथ माणसासाठी आहे, हे प्रभूने परूशांना समजावून सांगितले. नियमाविषयी जे खरे, ते लाकडाच्या तुकड्याविषयी खरे नसेल काय?

याचा अर्थ मी महागड्या गिटारींची वकिली करतो, असे तरुणांनी समजू नये. त्यांच्याशीही माझे भांडण आहे. मान धडातून आरपार जाणारी, टाच जवळजवळ नाहीशी केलेली गिटारच हवी, असा हट्ट काहीजण धरतात. ती हाताला सुखद असते हे खरे. पण पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यानंतर पावसाळ्याचा दमटपणा आला की लाकूड हलते. अशा गिटारची मान बिघडली, तर ती बदलणे जवळपास अशक्य. धर्मग्रामाला परवडणारी आणि टिकणारी वस्तू म्हणजे स्क्रूंनी जोडलेली, पण गोलाईने उतरत्या टाचेची गिटार. शिवाय जे तरुण पट्टा सैल सोडून गिटार गुडघ्यापर्यंत लोंबवतात, त्यांनी टाचेला दोष देऊच नये. तसे केल्यावर कोणतीही टाच मनगटाला वाचवू शकणार नाही.

तेव्हा धर्मग्रामाच्या समित्यांना माझी आग्रहाची विनंती आहे. गिटार घ्यायला जाताना केवळ खजिनदार जाऊ नये. गायनवृंदातला सर्वांत लहान हात बरोबर न्यावा. पट्टा लावून, उभे राहून, त्या मुलाने वा मुलीने पहिल्या तारेवर सतरावा, एकोणिसावा आणि शेवटचा पडदा दाबून पाहावा. मग तेच सहाव्या तारेवर करावे. मनगट सरळ राहते का, अंगठ्याला आधार मिळतो का, स्वर स्वच्छ निघतो का, एवढेच पाहावे. दुकानदार घाई करील. त्याला करू द्यावी. देवळात आधीच असलेल्या गिटारची टाच चौकोनी असेल आणि मान स्क्रूंची असेल, तर जाणत्या वाद्यकारागिराकडून खालचा कोपरा गोल करून घ्यावा व पट्टीच्या जागी सुटे स्क्रू बसवून घ्यावेत. हे काम फर्निचरच्या सुताराला देऊ नये. पटाशी स्क्रूच्या छिद्रापर्यंत गेली तर वाद्य कायमचे जाईल.

आणि या सगळ्याला वेळ नसेल, तर निदान एक करावे. पुढच्या वेळी सरावात एखादी मुलगी वरच्या स्वराशी अडखळली, तर तिचा हात लहान आहे असे म्हणण्यापूर्वी गिटार उलटी करून तिची पाठ पाहावी.