अपग्रेड नावाची थाप

आमच्या धंद्यात कुठलाही मोठा अपग्रेड करण्याआधी बॅकअप घेतात. आधी वेगळ्या सर्व्हरवर करून बघतात आणि काही फुटलंच तर जुनी आवृत्ती परत लावतात. ही सोय आहे म्हणून 'अपग्रेड' या शब्दाला अर्थ आहे. शरीराच्या बाबतीत यातलं काहीच नसतं. बॅकअप नाही, रोलबॅक नाही. वर 'नवीन आवृत्ती कशी वाटतेय?' या प्रश्नाचं उत्तर देणारा माणूस तोच, ज्याच्यावर प्रयोग झालाय. तरीही पॉडकास्टपासून केस लावून देणाऱ्या क्लिनिकच्या होर्डिंगपर्यंत सगळे शरीराला हाच शब्द चिकटवतात. ही थाप आहे. आणि ती पकडण्यात या विषयावरच्या गाजलेल्या पुस्तकांपेक्षा डेव्हिड क्रोनेनबर्ग नावाचा एक कॅनेडियन सिनेमावाला जास्त तरबेज निघाला, असं माझं म्हणणं आहे.

आधी पुस्तकांबद्दल. आजार नसताना, आहे त्याहून सरस होण्यासाठी औषध, हार्मोन किंवा शस्त्रक्रिया वापरणं, याला इंग्रजीत एन्हान्समेंट म्हणतात. त्यावरच्या पुस्तकांचे ढोबळमानाने दोन तट आहेत. एका तटावर रे कर्झवाइल. 'द सिंग्युलॅरिटी इज निअर' (२००५) या पुस्तकात तो मानवी शरीराच्या 'व्हर्जन २.०'बद्दल बोलतो. स्वतः रोज अडीचशे गोळ्या घेत असल्याचं त्याने अभिमानाने सांगितलं होतं. दुसऱ्या तटावर मायकल सँडेल. अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या बायोएथिक्स कौन्सिलमध्ये तो होता. या कौन्सिलचा 'बियॉन्ड थेरपी' हा अहवाल २००३ साली आला. सँडेलचं स्वतःचं 'द केस अगेन्स्ट परफेक्शन' २००७चं. त्याचा मुद्दा थोडक्यात असा, की आयुष्य हे आपल्याला मिळालेलं दान आहे, आणि सगळ्यावर हुकमत गाजवण्याच्या हट्टापायी आपण ही जाणीव गमावतो.

सँडेल मला कर्झवाइलपेक्षा कितीतरी जवळचा वाटतो. पण दोघांच्या मांडणीत एक गोष्ट समान आहे. दोघांच्याही डोळ्यांसमोर एक 'मी' आहे, जो दुकानाच्या दारात उभा आहे. आत जावं की नाही, हा त्याच्यापुढचा प्रश्न. कर्झवाइल म्हणतो जा, सँडेल म्हणतो जरा नम्र हो. दुकानातून बाहेर पडणारा माणूस आत गेलेलाच असेल का, हा प्रश्न त्यांच्या वादात मागे पडतो.

या प्रश्नाची सगळ्यात लख्ख नोंद त्याआधीच्या एका पुस्तकात आहे. पीटर क्रेमर या मानसोपचारतज्ज्ञाचं 'लिसनिंग टू प्रोझॅक' (१९९३). त्यात टेस नावाची एक रुग्ण आहे (नाव बदललेलं). आयुष्यभर खचलेली ही बाई प्रोझॅकवर आत्मविश्वासाने वावरू लागते. काही काळाने गोळी बंद होते, जुनं सावट परत येऊ लागतं, तेव्हा ती क्रेमरला सांगते की आता मी मी राहिले नाही. जी अवस्था तिने जन्मभर काढली, ती तिला परकी वाटते. आणि गोळीवरचे काही महिने हेच खरं रूप वाटतं. डिप्रेशनची गोळी घेणाऱ्याला नावं ठेवायला मी हे सांगत नाहीये. टेस आजारी होती, तिला औषधाची गरज होती, आणि तिला बरं वाटलं हे चांगलंच झालं. पण त्या एका वाक्याने 'ज्याची त्याची निवड' या युक्तिवादाला मोठं भगदाड पडतं. गोळी घेण्याआधीची टेस आणि नंतरची टेस यांत मत कुणाचं धरायचं?

आता क्रोनेनबर्ग. जन्म १९४३, टोरंटो. विद्यापीठात विज्ञान शिकायला गेला आणि इंग्रजी साहित्याकडे वळला. त्याचा 'शिव्हर्स' (१९७५) सरकारी निधीच्या मदतीने बनला, तेव्हा रॉबर्ट फुलफर्ड या नावाजलेल्या समीक्षकाने टोपणनावाने लेख लिहून करदात्यांचा पैसा असल्या घाणीत गेला म्हणून झोडपलं. तेव्हापासून त्याच्यावर 'बॉडी हॉरर'चा शिक्का आहे. म्हणजे किळसवाणं बघायला आवडणाऱ्यांचा दिग्दर्शक. हा शिक्का आळशीपणाचा आहे. सुरुवातीच्या सिनेमांची नुसती कथानकं बघा. 'शिव्हर्स'मध्ये निकामी अवयवाची जागा घेईल असा परजीवी तयार करणारा डॉक्टर. 'रॅबिड'मध्ये (१९७७) प्लास्टिक सर्जन. 'द ब्रूड'मध्ये (१९७९) मनातला राग शरीरावर उमटवून रुग्णाला बरं करू बघणारा मानसोपचारतज्ज्ञ. 'स्कॅनर्स'मध्ये (१९८१) गरोदर बायकांना दिलेलं औषध आणि त्यातून जन्मलेली, दुसऱ्याच्या मनात शिरणारी मुलं. भूत नाही, सैतान नाही, परग्रहावरून आलेलं कुणी नाही. जवळजवळ दर वेळी एक क्लिनिक, एक सुशिक्षित माणूस आणि 'तुमच्या भल्यासाठी' केलेली सुधारणा.

'रॅबिड'मधल्या सर्जनचं नाव डॉक्टर केलॉइड. केलॉइड म्हणजे जखम भरताना गरजेपेक्षा जास्त वाढलेला वण. त्याच्या क्लिनिकजवळ मोटरसायकलचा अपघात होतो आणि रोझ नावाच्या मुलीचा जीव वाचवताना तो नव्या पद्धतीने कातडीचं रोपण करतो. रोपण यशस्वी होतं, फक्त तिच्या काखेत एक नवा अवयव उगवतो ज्याला माणसाचं रक्त लागतं. पण मला लक्षात राहिला तो त्याआधीचा एक साधा प्रसंग. केलॉइडचा भागीदार प्लास्टिक सर्जरीची साखळी काढायच्या गोष्टी करत असतो, फ्रँचायझीसकट, आणि केलॉइडला स्वतःचा फ्राइड चिकनवाला व्हायची धास्ती वाटते. हे १९७७ साली. आज आपल्या कुठल्याही मोठ्या शहरात स्किन आणि हेअर क्लिनिकांच्या शाखा मोजा.

पण खरा दस्तऐवज 'द फ्लाय' (१९८६). सेथ ब्रंडल हा शास्त्रज्ञ माणसाला एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात पाठवण्याचा प्रयोग स्वतःवर करतो. आत एक माशी शिरलेली असते, आणि कॉम्प्युटर दोघांची जनुकं एक करून टाकतो. सगळ्यांना आठवतो तो शेवट, गळणारे दात आणि सडणारं शरीर. मी म्हणतो, मधली वीस मिनिटं बघा. प्रयोगानंतर ब्रंडलला कसं वाटतं? झकास! तो जिम्नॅस्टसारख्या उड्या मारतो, झोप लागत नाही, कॉफीत चमच्यामागून चमचे साखर ढकलतो, अखंड बोलतो. यंत्राने आपल्याला गाळून शुद्ध केलं, असा सिद्धांतही मांडतो. मैत्रीण व्हेरॉनिकाने हे करावं म्हणून मागे लागतो आणि ती नाही म्हणते तेव्हा तिलाच भित्री ठरवतो.

हे भाषण तुम्ही ऐकलेलं आहे. नवं सप्लिमेंट, नवं हार्मोन किंवा नवा उपास सुरू करून तीन आठवडे झालेला माणूस असंच बोलतो. ब्रंडल खोटं बोलत नसतो. त्याला खरोखर बरं वाटत असतं, पण 'बरं वाटणं' मोजणारं उपकरणच बदललेलं असतं. आमच्या भाषेत, ज्या सिस्टीममध्ये बग आहे तिलाच टेस्ट रिपोर्ट लिहायला बसवलंय. मूळ प्रश्न उघड कसा होतो? ब्रंडलच्या पाठीवर उगवलेले राठ केस व्हेरॉनिका कापते आणि तपासायला नेते. ते माणसाचे नसतात.

आता कुणी म्हणेल, शिक्षणानेही माणूस बदलतो, लग्नानेही बदलतो, मग तेही करू नये का? फरक आहे. शिक्षण हळूहळू बदलतं, वाटेत भांडता येतं, अर्ध्यावर सोडता येतं. (ते कुणी विकत नाही असं मात्र कोटा आणि लातूर बघून म्हणता येणार नाही.) आणि मुख्य म्हणजे शिक्षणाला कुणी तुमच्या उणिवेवरचा उपचार म्हणून विकलं, तर तुम्ही हसू शकता. डॉक्टरचा कोट घातलेल्या माणसाला हसणं अवघड असतं.

इथे कार्ल एलियटचं 'बेटर दॅन वेल' (२००३) वाचावं. एलियट स्वतः डॉक्टरकी शिकलेला तत्त्वज्ञ, आणि माझ्या मते या विषयावरचं सगळ्यात कामाचं पुस्तक त्याचंच आहे, कारण तो ग्राहकाइतकाच विक्रेत्याकडे बघतो. त्याचं एक निरीक्षण असं, की एन्हान्समेंट घेणारे लोक 'मला वेगळं व्हायचंय' असं फारसं म्हणत नाहीत. 'मला माझं खरं रूप मिळालं' असं म्हणतात. टेससारखंच. आणि ही भाषा कंपन्यांना नीट कळलेली असते. पॅक्सिल या गोळीला १९९९ साली अमेरिकेत 'सोशल अँक्झायटी डिसऑर्डर'साठी मंजुरी मिळाली. मग गोळीच्या आधी आजाराची जाहिरात झाली. काही लोकांना त्या गोळीची खरी गरज होती. पण बुजरेपणाने वावरणाऱ्या लाखोंनाही एका रात्रीत कळलं, की आपण बुजरे नसून आजारी आहोत.

उंचीचंही तेच. २००३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने निरोगी पण बुटक्या मुलांना वाढीचं हार्मोन द्यायला परवानगी दिली. निकष काय, तर उंचीच्या क्रमवारीत सगळ्यात खालचे १.२ टक्के. ज्याला बारावीचं गणित येतं त्याला यातली गंमत दिसेल. या सगळ्यांची उंची वाढवा, तरी उद्या तळाला दुसरे १.२ टक्के असणारच. वर्षानुवर्षं सुया टोचून मिळणार काही सेंटिमीटर, आणि ज्या रांगेसाठी हे केलं ती रांग तशीच उभी.

'डिझायनर बेबी'बद्दल ही पुस्तकं बरेचदा भविष्यकाळात बोलतात. महाराष्ट्राला यातलं काही भूतकाळात माहीत आहे. गर्भाचं लिंग तपासून 'हवं ते' मूल ठेवण्याचा बाजार इथे इतका माजला, की १९८८ साली देशातला पहिला प्रतिबंधक कायदा महाराष्ट्राला करावा लागला. केंद्राचा कायदा १९९४चा. तरीही शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली २००१ साली ९१३ होत्या, त्या २०११ साली ८९४ झाल्या. यातला प्रत्येक निर्णय कुठल्या तरी घराने 'आमचा वैयक्तिक प्रश्न' म्हणूनच घेतला होता, आणि किती सुनांना त्यात निवड होती हे वेगळं सांगायला नको. 'ज्याची त्याची निवड' म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे दोन आकडे समोर ठेवून बोलावं.

क्रोनेनबर्गला हे सामाजिक गणित जमतं का? बरेचदा नाही. त्याची माणसं एकटी असतात. त्यांना सासू नसते, ईएमआय नसतो, ऑपरेशनचं बिल तर कुणी बघतच नाही. प्रयोग बाईच्या शरीरावर आणि शोकांतिका पुरुषाची, ही खोडही त्याला आहे; 'डेड रिंगर्स'मधले (१९८८) जुळे स्त्रीरोगतज्ज्ञ आठवा. पण २०२२च्या 'क्राइम्स ऑफ द फ्यूचर'मध्ये तो एक असा मुद्दा पकडतो, जो आपल्या पिढीसाठी सगळ्यात जवळचा आहे. त्या जगात एक गट शस्त्रक्रियेने आपली पचनसंस्था बदलून घेतो, कशासाठी तर कारखान्यात उरलेलं प्लास्टिक खाता यावं म्हणून. त्यांच्यातल्या एकाचा मुलगा जन्मतःच प्लास्टिक पचवतो, आणि त्याची आई त्याला माणूस मानू शकत नाही म्हणून मारून टाकते. याला अपग्रेड म्हणायचं का? जग घाण झालं, ते साफ करणं परवडेना, म्हणून पोटच बदललं.

आता आमच्या ऑफिसांकडे या. मोडाफिनिल हे नार्कोलेप्सीवरचं औषध, म्हणजे दिवसा अनावर झोप येणाऱ्या रुग्णांसाठीचं. रिलीजच्या आठवड्यात ते कुठे मिळेल हे विचारणारी धडधाकट मुलं मला भेटतात. त्यांना झोपेचा आजार नाही. त्यांना रात्री अमेरिकेचा कॉल आणि सकाळी स्टँडअप आहे. झोप ही शरीराची उणीव ठरली, की वेळापत्रक निर्दोष सुटतं. चौदा तासांचा दिवस कमी करायला मॅनेजरशी भांडावं लागतं. गोळीला फक्त पाणी लागतं. आणि टीममधले चारजण गोळीवर जागू लागले, की पाचव्याची साधी झोप हा त्याचा परफॉर्मन्सचा प्रश्न होतो. तळाचे १.२ टक्के इथेही तयार होतात, फक्त अप्रेझलच्या तक्त्यात.

तेव्हा कुणी शरीराच्या संदर्भात 'अपग्रेड' म्हणालं, की तीन गोष्टी विचारा. माझ्यात ही उणीव आहे हे मला पहिल्यांदा कुणी सांगितलं, आणि तोच तिचा इलाज विकतो का? ही उणीव माझ्यात आहे, की माझ्या कामाच्या तासांत, हवेत, लग्नाच्या बाजारात? आणि मी घेतल्यानंतर 'मस्त वाटतंय' असं सांगू लागलो, तर माझे केस कापून तपासायला नेईल असं माझ्याजवळ कुणी आहे का? पहिल्या प्रश्नासाठी एलियट वाचा. दुसऱ्यासाठी पुस्तक नको, चार सहकाऱ्यांनी एकत्र येऊन मॅनेजरकडे जायला हवं. तिसऱ्यासाठी 'द फ्लाय' पुन्हा लावा, आणि या वेळी ब्रंडलकडे न बघता व्हेरॉनिकाकडे बघा.