पंगती तिथीला, भूक रोजची

मा. संपादक,

‘अन्नदान देवस्थानांनी, दात्यांनी करावे, सरकारने त्यात पैसा ओतू नये’ हे आपल्या वाचकाचे म्हणणे ऐकायला बरे, पण हिशेबाला टिकत नाही. सप्ताह-जत्रेच्या पंगती ठरल्या तिथीला बसतात. हमालाला भूक रोज लागते. २६ जानेवारी २०२० पासूनची शिवभोजन थाळी ही त्यासाठीच: दोन चपात्या, भाजी, वरण, भात, दहा रुपयांत. ग्रामीण भागात थाळीचा दर ३५ रुपये धरून वरचे २५ सरकारने केंद्रचालकाला द्यायचे. दुखणे आहे ते इथेच. अनुदान थकल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या. केंद्र चालवणाऱ्या बचत गटाने किराणा उधारीवर आणायचा तरी किती दिवस?

बोगस थाळ्यांचा आक्षेप खोटा नाही. पण जेवणाऱ्याचा फोटो अ‍ॅपवर घेण्याची सोय आहे, ती नीट तपासा. त्यासाठी केंद्रच बंद करणे म्हणजे उंदीर शिरले म्हणून घर जाळणे. खरी उणीव केंद्रे आणि पंगती यांच्यातल्या मेळाची आहे. कोणत्या दिवशी कोणाची पंगत आहे हे केंद्रांना आधी कळले, तर अनुदानाचा पैसा मोकळ्या दिवसांत जास्त तोंडांना पुरेल. बार्शीच्या तहसीलदारांनी केंद्रचालक आणि अन्नदान मंडळांची एकत्र बैठक वैरागमध्ये बोलवावी आणि थकीत देयकांची यादी फलकावर लावावी, ही विनंती.

एक वाचक, वैराग (ता. बार्शी, जि. सोलापूर)