पाहुण्याचाही धर्म असतो



पाहुणा म्हणजे देव, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. श्रावकाच्या बारा व्रतांतलं शेवटचं व्रतच मुळी अतिथी संविभाग. यजमानानं काय करावं, यावर स्थानकात कितीतरी प्रवचनं होतात. पण पाहुण्यानं कसं राहावं, तेही चार दिवस नाही, चांगलं महिना-सव्वा महिना राहायचं असेल तेव्हा, यावर फारसं कुणी बोलत नाही. माझं मत सरळ आहे. नेम ज्याचा, त्याचे कष्टही त्यानेच करावेत. दुसऱ्याच्या पाठीवर बसून केलेलं तप मला तप वाटत नाही.

हा विषय आमच्या घरात सध्या गाजतो आहे. माझे धाकटे दीर काठमांडूत नोकरीला आहेत, दुचाकींच्या विक्रीच्या कामात. आपल्या चाकणला तयार होणारी पल्सर तिथल्या रस्त्यांवर पावलोपावली दिसते! धाकटी जाऊ तिथल्या एका शाळेत शिकवते. 2023 च्या मे महिन्यात आम्ही राजगुरुनगरहून सगळे तिकडे गेलो. पुरुष मंडळी दुकानासाठी आठवड्यातच परतली. सासूबाई, चुलत सासूबाई, मोठ्या जाऊबाई, मी आणि चार मुलं असे आठ जण पाच आठवडे राहिलो. आता चुलत सासूबाई म्हणतात, या वर्षी दोन महिने जाऊ. धाकट्या जावेचा फोनवर "या ना" येतो, पण त्याच्या आधी जरा थांबते ती. ते थांबणं मला ऐकू येतं.

तिथला संसार कसा आहे ते आधी सांगते. म्हणायला परदेश, पण पासपोर्ट नसला तरी मतदार ओळखपत्रावर विमानाने जाता येतं. घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे. सुट्टी शनिवारी, रविवारी सकाळी जाऊ डबा घेऊन शाळेत. म्हणजे तिला आठवड्यात निवांत असा एकच दिवस. आपले 100 रुपये म्हणजे तिकडचे 160, त्यामुळे सगळं स्वस्त असेल असं वाटतं. भाजीबाजारात गेलं की तो गैरसमज जातो.

खरी अडचण पाण्याची. काठमांडूला पाणी पुरवण्यासाठी मेलम्ची नदीचं पाणी डोंगरातून बोगदा काढून आणलं. 2021 मध्ये ते शहरात पोहोचलं आणि त्याच वर्षीच्या पुरात नदीवरचं मूळ बांधकाम गाळाखाली गेलं. दिरांच्या गल्लीत चार-पाच दिवसांनी तासभर नळ येई. बाकी टँकर, आणि प्यायला वीस लिटरचे जार. भीमेकाठी राहणाऱ्या आपल्याला पाणी मोजून वापरायची सवय नाही. पाण्याच्या एका थेंबात असंख्य जीव आहेत, असं आपला धर्म सांगतो. म्हणून आपण गाळणं सोबत नेतो, पाणी उकळून पितो. आणि मग त्याच घरी दोन-दोन बादल्या अंघोळीला घेतो! गाळण्याचा नियम पाळला आणि टाकी रिकामी केली, तर जीवदया नेमकी कुठे झाली?

दुसरा प्रश्न चौविहाराचा. चारी बाजूंना डोंगर, सूर्य त्यांच्याआड लवकर जातो. म्हणून चुलत सासूबाईंचा आग्रह की सहाच्या आत पानं मांडायची. जाऊ साडेचारला शाळेतून येणार, येताना भाजी आणणार, आणि तासाभरात आठ पाहुण्यांचा वेगळा स्वयंपाक करणार. सकाळी मदतीला येणाऱ्या दिदी डाळीला जिंबूची फोडणी देत. जिंबू म्हणजे हिमालयात मिळणारी वाळवलेली पात, वास लसणासारखा, कुळही कांद्या-लसणाचंच. झालं! चुलत सासूबाईंनी भांडी वेगळी करायला लावली.

मी पहिल्याच दिवशी सांगितलं, संध्याकाळचा स्वयंपाक आम्ही करू. डाळ शिजली की फोडणीच्या आधी आमची वाटी बाजूला काढू, त्यात हिंग-जिरं आम्हीच घालू. इस्कुस, फर्सी म्हणजे आपला लाल भोपळा, दोडकी, रायोचं साग अशा किती भाज्या तिथे मिळतात. बटाट्यावाचून कुणाचं अडत नाही. कांद्याचा एवढा मोठा बाजार शेजारी चाकणला असताना आपण पिढ्यान् पिढ्या कांद्यावाचून राहतोच की! मोठ्या जाऊबाई कणीक मळत, मी भाजी करी, सासूबाई बसून निवडून देत. पाणी उकळायचं काम माझं. चुलत सासूबाईंना मात्र हे रुचलं नाही. सुनेच्या घरी येऊन सासरच्या बायकांनी राबायचं, हा त्यांना अपमान वाटला.

अपमान कसला? आपले साधू-साध्वीच बघा ना. जगातला सगळ्यात सावध पाहुणा म्हणजे जैन साधू. गोचरी शब्दातच सगळं आलं: गाय चरते तसं, वरवर थोडं थोडं, मूळ उपटायचं नाही. दशवैकालिक सूत्राच्या पहिल्याच अध्ययनात भुंग्याचा दाखला आहे. फुलाला न दुखवता तो आपल्यापुरता रस घेतो. साधूंसाठी मुद्दाम रांधलेलं त्यांना चालत नाही. घरात जे आपसूक झालं आहे त्यातलंच, तेही घरच्यांना कमी पडणार नाही एवढंच.

आणि नेपाळ काही आपल्या धर्माला परकं नाही. श्वेतांबर परंपरा सांगते की भद्रबाहू स्वामी नेपाळात महाप्राण ध्यान करत होते. पूर्वांचं ज्ञान घ्यायला पाटलीपुत्राच्या संघानं तिथे साधू पाठवले. बाकीचे कंटाळून परतले, एकटे स्थूलभद्र टिकले. अलीकडे 2015 च्या भूकंपाच्या वेळी तेरापंथाचे आचार्य महाश्रमण पदयात्रेत नेपाळमध्येच होते, त्या वर्षीचा चातुर्मास त्यांनी विराटनगरला केला. काठमांडूत कमलपोखरीला जैन मंदिर आहे, श्वेतांबर आणि दिगंबर दोघांचं एकाच वास्तूत. आम्ही स्थानकवासी, तरी जाऊन आलो. दोन पंथ एका छपराखाली एकमेकांना सांभाळून राहतात, मग सासवा-सुनांना ते महिनाभर का जमू नये?

चुलत सासूबाईंचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. त्या विचारतात, "मोठ्यांनी जाऊन सांगितलं नाही, तर परमुलखात मुलांना धर्म कोण शिकवणार? उद्या सगळंच सुटेल." ही भीती खरी आहे. पुतण्या मित्रांबरोबर मोमो खातो, त्यात कांदा असतोच. पण त्यावरून त्याला चार लोकांत बोलणी बसली, तेव्हा तो दोन दिवस शेजारी जेवला. याउलट सासूबाई कुणाला काही न बोलता रोज पहाटे गॅलरीत सामायिक करत. दुसऱ्या आठवड्यात तोच मुलगा त्यांच्याशेजारी आसन घालून बसू लागला. महिना संपता संपता नवकारसी करायला लागला, आणि अजून करतो. मुलं सांगितलेलं विसरतात, पाहिलेलं विसरत नाहीत.

आणि एक गोष्ट स्पष्ट लिहिते. आपल्या घरांतले बरेच नेम बायकांच्या हातावर चालतात. पच्चक्खाण घेणारे हात जोडतात, आणि ते पार पडावं म्हणून दुसरीच कुणीतरी घड्याळाकडे बघत पळत असते. काठमांडू लांब राहिलं, मोशीच्या किंवा चाकणच्या फ्लॅटमध्ये शिफ्ट करून आलेल्या सुनेचंही हेच आहे. तिची दमणूक ही हिंसाच, फक्त ती आपल्या यादीत नाही.

म्हणून या वर्षी जायचंच असेल तर घरात मी चार अटी मांडल्या आहेत. किती दिवस राहायचं ते जाऊ ठरवेल, आपण नाही. आपल्या नेमाचा स्वयंपाक आपण करायचा आणि किराण्याचा वाटा द्यायचा. माणशी एक बादली पाणी. आणि शनिवार पूर्ण तिचा, त्या दिवशी ती झोपली तरी कुणी विचारायचं नाही. चुलत सासूबाईंनी अजून होकार दिलेला नाही. त्या रागावल्या आहेत, हे मला माहीत आहे. त्यांचा राग मला चालेल. फोनवरचं जावेचं ते थांबणं मात्र मला चालणार नाही.