कृषी सहायकाला निरोप देण्याआधी

मोबाइल घरोघरी पोचला, हवामानाचा अंदाज बोटावर आला, 2025 मध्ये राज्य सरकारने ‘महाविस्तार एआय’ नावाचे ॲपही आणले. मग गावोगाव हिंडणाऱ्या कृषी सहायकाचे काम ते काय उरले, असा सवाल हल्ली वरचेवर ऐकू येतो. त्याला जोडूनच दुसरा युक्तिवाद येतो. कृषी सेवा केंद्रे नाक्यानाक्यावर आहेत, सल्ला तिथे फुकट मिळतो. सरकारने त्यासाठी पगार का मोजावेत?

हे म्हणणे अगदीच हवेतले नाही. 2003 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या दहापैकी सहा शेतकरी कुटुंबांना आधुनिक तंत्राची माहिती कुठूनच मिळत नसल्याचे आढळले. प्रगतशील शेतकऱ्याकडून ती मिळवणारी कुटुंबे 16.7 टक्के, निविष्ठा विक्रेत्याकडून 13.1 टक्के आणि सरकारी विस्तार कर्मचाऱ्याकडून अवघी 5.7 टक्के. ज्या यंत्रणेचा खर्च सरकार करते तीच दुकानदाराच्या मागे!

पण या आकड्यातून निघते काय? कर्मचारी बांधावर पोचला नाही, एवढेच. तो पोचूनही उपयोग झाला नाही, असे ही पाहणी कुठेही म्हणत नाही. विहिरीला दोर पुरला नाही म्हणून कोणी विहीर बुजवत नसते.

ॲपवाल्यांचा दावा कपाशीच्या शेतात तपासून पाहावा. गुलाबी बोंडअळी हिरव्या बोंडाच्या आत बसते. बाहेरून बोंड निरोगी दिसते, त्यामुळे त्याचा फोटो कितीही स्वच्छ काढला तरी अळी त्यात येत नाही. तिच्यासाठी शेतात फिरून वीसेक बोंडे तोडायची आणि फोडून पाहायची असतात. त्यांतल्या दोनांत प्रादुर्भाव दिसला, म्हणजे नुकसान दहा टक्क्यांवर गेले, तर फवारणीचा विचार करायचा. कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग सापडणे हीसुद्धा धोक्याची खूण. हे वाचून समजते. हाताला वळण लागायला मात्र शेजारी उभे राहून दाखवणारे कोणी लागते. 2004 पासून चालू असलेल्या किसान कॉल सेंटरचीही मर्यादा हीच: कोणता प्रश्न विचारायचा हे ज्याला आधीच कळले आहे, त्याला ते उपयोगी पडते.

दुकानातल्या फुकट सल्ल्याची किंमत 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्याने मोजली. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. उंच वाढलेले पीक, दमट हवा, दोन-तीन औषधांचे मिश्रण, अंगावर संरक्षक कपडे नाहीत. साराच दोष दुकानदारावर टाकणे अन्यायाचे ठरेल. हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेने 2003 पासून विक्रेत्यांसाठी पदविका अभ्यासक्रम चालवला आहे, आणि तो वाढायलाच हवा. तरीही ज्याची कमाई बाटलीवर आहे, त्याने ‘या आठवड्यात फवारू नका’ असे सांगावे ही अपेक्षा भाबडी आहे. तो सल्ला द्यायला विक्रीशी संबंध नसलेला माणूसच लागतो.

असा माणूस आणि तंत्रज्ञान एकत्र आले की काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. 2008 मध्ये विदर्भात सोयाबीनवर तंबाखूची पाने खाणाऱ्या अळीचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर ‘क्रॉपसॅप’ हा कीड-रोग सर्वेक्षणाचा प्रकल्प उभा राहिला. सर्वेक्षकाने शेतात जाऊन कीड मोजायची, नोंद संगणकावर चढवायची, कृषी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी ती पाहून सल्ला द्यायचा आणि तो शेतकऱ्याच्या मोबाइलवर जायचा, अशी त्याची रचना. मोबाइल इथेही होता, पण त्याच्या मागे शेतात वाकून पाहणारे डोळे होते. ते काढून घेतले तर उरलेली यंत्रणा कशाच्या आधारावर बोलणार?

म्हणून खर्च कमी करण्याऐवजी तो नीट करावा. सत्तरच्या दशकात जागतिक बँकेच्या पैशावर आलेल्या ‘प्रशिक्षण व भेट’ योजनेत प्रशिक्षणाचे वेळापत्रक ठरलेले होते, एवढे तिचे श्रेय मान्य करावे. वरून आलेला एकच निरोप गावोगाव वाटणे हा तिचा दोष होता. 2005 मध्ये ‘आत्मा’ ही कृषी विस्ताराची योजना देशभर गेली तेव्हा नियोजन जिल्ह्यात आले, पण माणसे पुरेशी दिली गेली नाहीत. 2025 मध्ये कृषी सहायकांचे ‘सहायक कृषी अधिकारी’ झाले. पदनाम भारदस्त झाले हे छानच, पण पंचनामे, अनुदानाचे अर्ज आणि पोर्टलच्या नोंदी यांतून त्यांना किती दिवस मोकळे करणार, हे ठरल्याशिवाय त्या भारदस्तपणाचा शेतकऱ्याला उपयोग नाही.

मोकळ्या झालेल्या दिवसांत शेतीशाळा भरवाव्यात. इंडोनेशियात 1989 मध्ये भातशेतीपासून सुरू झालेली ही पद्धत महाराष्ट्रात ‘पोकरा’ या हवामान-अनुकूल शेतीच्या सरकारी प्रकल्पाने बऱ्याच गावांत नेली. एकाच प्लॉटवर हंगामभर ठरावीक अंतराने जमायचे, किडी आणि मित्रकीटक मोजायचे, मग निर्णय शेतकऱ्यांनीच घ्यायचा. निंदणी-वेचणी बायका करतात, म्हणजे कीड आधी दिसते ती त्यांनाच. तेव्हा शाळेची वेळ त्यांच्या सोयीची हवी. आणि शाळा चालवणाऱ्यालाही दर हंगामाआधी राहुरी, अकोला, परभणी वा दापोलीच्या विद्यापीठात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात प्रत्यक्ष पिकात उभे राहून शिकायला मिळाले पाहिजे.

येत्या खरिपाआधीच्या ग्रामसभेत अनुदानाच्या यादीबरोबर शेतकऱ्यांनी आणखी दोन प्रश्न विचारावेत: यंदा गावाची शेतीशाळा कोणाच्या शिवारात भरणार, आणि ती चालवणाऱ्याचे शेवटचे प्रशिक्षण कधी झाले?